दात सरांचा, इंगळी शुगरची

वडवणीच्या ज्युनिअर कॉलेजात मी मराठी शिकवायला आलो आणि खोली शोधत शोधत शिनगारे सरांच्या दारात पोचलो, तेव्हा सर ओट्यावर बसून पक्कडीनं स्वतःच्या टाचेतला काटा उपटत होते. काटा बाभळीचा, चांगला बोटाच्या पेराएवढा. एकीकडं पक्कड चालू आणि दुसरीकडं रस्त्यानं चाललेल्या एका पोराला शर्ट खोचायच्या सूचना चालू. माझ्याच अंगावर शहारा आला.

"दुखत असेल ना?" मी न राहवून विचारलं.

सरांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. कीव आल्यासारखं.

"दुखत नसतं, प्रोफेसर. वाटतं."

खोली नंतर मिळाली, हे वाक्य आधी मिळालं.

सर हायस्कुलातून ड्रिल मास्तर म्हणून निवृत्त झालेले. निवृत्त सरकारनं केलेलं, त्यांनी ते मनावर घेतलेलं नव्हतं. गॅसची टाकी घेऊन येणारा माणूससुद्धा त्यांच्या दारात 'उचल' आणि 'ठेव' या हुकमाशिवाय टाकी हलवू शकत नसे. भाजीवाल्यापाशी ते असे उभे राहायचे की भाजीवाला आपोआप ताठ व्हायचा. गावातल्या निम्म्या पुरुषांनी त्यांच्या हातचा मार खाल्लेला. सर दिसले की चाळिशी ओलांडलेली, पोट सुटलेली, स्वतःची दुकानं असलेली माणसं चटकन शर्टाची बटणं लावायची. मीही लावायचो. मी तर त्यांचा विद्यार्थीही नव्हतो.

या माणसाला कधी काही दुखलं नाही. म्हणजे ते तसं सांगायचे, आणि गावानं ते मान्य केलेलं होतं. तरुणपणी अक्कलदाढ त्यांनी सुई न घेता काढून घेतली. दात उपटताना सर दात काढणाऱ्याला 'जोर लाव बे' म्हणत होते, ही कथा मी तीन निरनिराळ्या माणसांकडून ऐकली आणि प्रत्येक वेळी दात मोठा होत गेला. पण इंगळीची गोष्ट ऐकीव नाही. ती माझ्यासमोर घडली. संध्याकाळी ओट्यावर सर एका जुन्या कबड्डीच्या सामन्याचं वर्णन करत होते. मधेच थांबून त्यांनी डाव्या पायाकडं पाहिलं, "बुटात काहीतरी हाय वाटतं," म्हणाले, आणि गोष्ट पुढं चालू केली. पहिला हाफ संपल्यावरच त्यांनी बूट काढून उपडा केला. काळीभोर इंगळी, चांगला बोटाएवढा विंचू, नांगी उगारून बाहेर पडली. मी ओट्यावरून खाली उडी मारली. सरांनी तिला चपलेनं मारलं, पायाला चुना लावला आणि म्हणाले, "तर प्रोफेसर, दुसऱ्या हाफमदी काय झालं…"

काकूंचं मात्र सगळंच दुखायचं. सरांच्या पत्नी, सुमनकाकू. देवानं एका घरासाठी म्हणून जेवढी दुखणी पाठवली होती ती सरांनी नाकारली आणि काकूंनी उतरवून घेतली, असा प्रकार. आणि त्या दुखण्यांची त्यांना पारख होती. साधं 'पाय दुखतो' असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. "पोटरीतून कढ आल्यासारखं व्हायलंय, आन मग टाचंपाशी येऊन नुसती हुरहूर." ठणका वेगळा, चमक वेगळी, सणक वेगळी, सळसळ तर अगदीच वेगळी. सर आतून ओरडायचे, "वाटतं गं, नुसतं वाटतं!" आणि काकू मला हळूच सांगायच्या, "ह्यांना कवाच काही वाटलं न्हाई. लग्नात बी न्हाई."

तालुक्यात कुठंही आरोग्य शिबिर लागलं की काकू जायच्या. लोक जत्रेला जातात तशा, आवरून सवरून. त्या वर्षी मंगल कार्यालयात हृदयरोगाचं शिबिर लागलं. काकूंच्या छातीत महिनाभर जळजळ होती, तेव्हा हे शिबिर आपल्यासाठीच भरवलंय अशी त्यांची खात्री. सर त्यांना सोडायला गेले, मी सरांबरोबर.

ऐन वेळी काकू घाबरल्या. इसीजीच्या यंत्राला इतक्या वायरी असतील याची त्यांना कल्पना नव्हती. "करंट लागंल मला," म्हणून त्या पलंगाला हातच लावीनात. मागं बायकांची रांग खोळंबली. सरांना रांग खोळंबलेली सहन व्हायची नाही.

"हो बाजूला! मी झोपून दाखवतो. बघ, काय बी होत न्हाई."

सरांनी शर्ट काढला, पलंगावर सावधानमध्ये झोपले. यंत्रातून पट्टी बाहेर आली. तिथल्या शिकाऊ डॉक्टरणीनं ती पाहिली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली, आणि मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. मोठ्या डॉक्टरांनी पट्टी पाहून काकूंना विचारलं, "यांना अटॅक कधी आला होता?"

"कुणाला?"

"यांना. येऊन गेलेला आहे. जुना दिसतोय."

काकू सरांकडं बघतच राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती, हे खरंच. पण त्या काळजीच्या आधी क्षणभर दुसरंच काहीतरी येऊन गेलं. आयुष्यभर आपण रांगेत उभं राहावं आणि नंबर दुसऱ्याचा लागावा, तसं. त्यात भर म्हणजे मग त्यांचाही इसीजी काढला आणि तो अगदी स्वच्छ निघाला. काळीज ठणठणीत. काकू खट्टू होऊन घरी आल्या.

सरांनी निकाल अमान्य केला. "अटॅक यिऊन गेला आन मला म्हायती न्हाई? माझ्या घरी पाव्हना आला आन मला कळलं न्हाई असं हुईल का?"

पण काकूंनी हट्ट धरला. बीडला इरफान डॉक्टरांचा हृदयाचा दवाखाना होता. हा इरफान वडवणीचाच. त्याच्या वडिलांचा स्टँडसमोर फळांचा गाडा, आणि तो स्वतः सरांच्या हाताखाली धावायला शिकलेला. "दुसऱ्या कुनाकडं न्हाई, आपल्या इरफानकडं," असं म्हटल्यावर सर तयार झाले. तेही परीक्षा द्यायला नाही, विद्यार्थ्याची तपासणी करायला चालल्यासारखे. काकूंनी मलाही बरोबर घेतलं. मोठ्या दवाखान्यात कुठल्या दारानं आत जायचं हे कळायला शिकलेला माणूस लागतो, असा त्यांचा समज होता. दार मलाही सापडलं नाही. आम्ही आधी रक्त तपासणाऱ्याकडं शिरलो.

इरफाननं सरांच्या पाया पडून मग नाडी पाहिली. सगळं विचारून घेतलं आणि म्हणाला, "सर, तुमाला पट्ट्यावर चालवून बघू. आधी हळू, मग जरा पळायचं."

सरांचा चेहरा उजळला. जगातल्या सगळ्या तपासण्यांत ही एक त्यांच्या विषयाची होती.

छातीला वायरी लावल्या. पट्टा सुरू झाला. सर चालू लागले, मग पळू लागले. शेजारी उभ्या असलेल्या यंत्रवाल्या मुलीला त्यांनी खांदे मागं घेऊन उभं राहायला सांगितलं. "येक दोन, येक दोन" असा स्वतःच ठेका धरला. दारापाशी उभ्या असलेल्या आम्हां दोघांकडं पाहून त्यांनी हातसुद्धा हलवला. इरफानचं लक्ष मात्र पडद्यावर. पडद्यावरच्या रेघा हळूहळू खाली बसायला लागल्या होत्या. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण इरफानचा चेहरा कळत होता.

"सर, छातीत काही दुखायलंय?"

"न्हाई."

"हात? जबडा? जड वाटतंय?"

"न्हाई बे! आत्ता कुठं अंग मोकळं व्हायलंय. वाढव स्पीड!"

"सर, बास. थांबा. बंद कर गं."

मुलीनं पट्टा बंद केला. पट्टा थांबला, पण सर थांबले नाहीत. ते जागच्या जागी गुडघे उचलत पळतच राहिले. "दम न्हाई, दुखत न्हाई, कावून थांबू?" इरफाननं शेवटी दोन्ही खांदे धरून त्यांना खाली बसवलं. वर्गातल्या मुलानं ड्रिल मास्तरला खाली बसवल्याची वडवणीच्या इतिहासातली ही पहिलीच वेळ असावी.

मग केबिनमध्ये बसवून त्यानं समजावून सांगितलं. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात. पळताना हृदयाला रक्त कमी पडत होतं. एरवी अशा वेळी माणसाच्या छातीत कळ येते, माणूस थांबतो, वाचतो. सरांना कळच येत नाही. "आजार गप्प हाय, सर. दुखणारा बरा, ह्यो गप्प बसणारा लई डेंजर."

"पण मला दुखतच नसतं. पहिल्यापासून. गावाला इचार."

"तुमची शुगर किती वर्षांची?"

उत्तर काकूंनी दिलं. "लई जुनी. गोळ्या खातेत, पर मनावर न्हाई घेत."

"तेच," इरफान म्हणाला. "शुगरनं नसा बधिर होत्यात. मग पायात काटा मोडलेला कळत न्हाई, आन काळजातलं बी कळत न्हाई."

सर हळूच स्वतःच्या पायाकडं बघत होते. हृदयाला रक्त कमी पडतंय हे ऐकून ज्यांची पापणी हलली नव्हती, त्यांचा चेहरा आता पडला.

"म्हंजे ती इंगळी…"

"कधीची गोष्ट, सर?"

"दोन-तीन वर्सं झाली."

"मग ती शुगरची."

"न्हाई बे."

"शुगरचीच, सर."

सरांनी धीर करून विचारलं, "आन दात? माझी अक्कलदाढ? लग्नाच्या आधी काढलीय."

"तेव्हा शुगर होती?"

"कुठली? तेव्हा पोटाला नीट भाकर न्हवती!"

इरफाननं डॉक्टरी गांभीर्यानं विचार केला. "दात तुमचा, सर. पूर्ण तुमचा. इंगळी शुगरची."

परतताना एसटीत सर खिडकीबाहेर बघत बसले. घाटसावळी गेल्यावर म्हणाले, "प्रोफेसर, गावात इंगळीचं बोलू नका." मी 'नाही बोलणार' म्हटलं. काकूंनी मात्र कसलंही वचन दिलं नाही.

पुढची तपासणी करायला, नळी घालून आतलं बघायला सर तयार होईनात. घरी येऊन त्यांनी असहकार पुकारला. आता कोणी समजावायला गेलं की ते उठून दहा जोर मारायचे आणि विचारायचे, "बघा, कुठं काय?" ते जोर मारताना काकू डोळे मिटून घ्यायच्या. आपली दुखणी सांगायचं त्यांनी बंद केलं, हे माझ्या लक्षात उशिरा आलं. एकदा मीच विचारलं, "काकू, गुडघा काय म्हणतो?" तर म्हणाल्या, "गुडघ्याला बोलायला लावू नका आता. ह्यांचं ऐकायलेय मी."

शेवटी एका रविवारी इरफान स्वतः आला. आईवडिलांना भेटायला आला होता, तिथून चालत सरांच्या ओट्यावर. काकूंनी चहा केला. इरफाननं तपासणीचा विषयच काढला नाही. म्हणाला, "सर, जिल्ह्याच्या स्पर्धा आठवतेत? रिलेच्या आदल्या दिवशी माझा पाय मुरगळला होता."

"आठवतं की. तरी दुसरा नंबर आणलास तू. वाघ हायस."

"नंतर प्लास्टर घातलं होतं. हाडाला चीर गेलती."

"म्हायती हाय. फळं घिऊन आलतो मी तुला बघायला."

"आमच्याच गाड्यावरनं घेतलेली," इरफान हसला. मग हसणं थांबवून म्हणाला, "सर, पळताना मला लई दुखत होतं."

सर जरा गोंधळले. "मग बोललास कावून न्हाई बे?"

"बोललो होतो. तुमी म्हनलात, दुखत नसतं, वाटतं."

सरांनी हातातला कप खाली ठेवला.

"मी आईकलं तुमचं. दुखणं माझं होतं, पण ठरवलं तुमी. आता दुखणं तुमचं हाय आन ते तुमाला कळत न्हाई. आता मला ठरवू द्या."

सरांची नजर त्याच्या पायावर गेली. मग ते म्हणाले, "दाखव बे."

"काय?"

"घोटा. दाखव."

बीडचा हृदयरोगतज्ज्ञ ओट्याच्या पायरीवर बसला आणि त्यानं पँट वर केली. सरांनी त्याचा पाय आपल्या मांडीवर घेतला. अंगठ्यानं चाचपत चाचपत विचारलं, "कुठं? हितं?"

"जरा खाली."

"अजून दुखतं?"

"थंडीत. लई न्हाई."

सरांनी तिथं अंगठा तसाच ठेवला. काकू चहाचे कप उचलायला आल्या होत्या, त्या उचलायच्या विसरल्या.

"बीडला कधी यायचं?" सरांनी विचारलं.

नळी घालून बघितलं तर दोन ठिकाणी अडथळे निघाले. इरफाननं तिथंच एका ठिकाणी स्टेंट टाकला, दुसरा अडथळा कमी म्हणून गोळ्यांवर ठेवला. सर पूर्ण शुद्धीत होते आणि पडद्यावर सगळं बघत होते. घरी आल्यावर त्यांची एकच तक्रार होती. "प्रोफेसर, माझं काळीज बघितलं मी. लई बेशिस्त हलतंय. येका लाइनीत न्हाई."

इरफाननं दवाखान्यातून निघताना बजावलं होतं, की स्टेंट टाकला म्हणून संपलं असं नाही, रक्त पुन्हा कमी पडू शकतं आणि याही वेळी सरांना दुखणार नाही. उगीच घाम येणं, दम लागणं, कारण नसताना गळून जाणं, असलं काहीतरी बाहेर दिसेल. "सरांना न्हाई कळणार. काकू, तुमी बघायचं."

हे म्हणजे आयुष्यभर एकलव्यासारखं शिकलेल्या माणसाला एकदम विद्यापीठानं बोलावून घेतल्यासारखं झालं. काकूंची सगळी विद्या कामी आली. सकाळी उठल्यापासून उलटतपासणी सुरू व्हायची.

"हुरहूर?"

"न्हाई."

"मुंग्या?"

"न्हाई."

"आतून रितं रितं?"

"आगं, रितं म्हंजे काय असतं?"

"पोटात खड्डा पडल्यासारखं."

"ती भूक हाय! पोहे आन!"

सव्वीस जानेवारीला हायस्कुलात झेंड्याचा हुकूम द्यायला दरवर्षी सरांनाच बोलवत. त्या वर्षीही ते गेले, काकूही गेल्या, मीही होतो. 'राष्ट्रध्वजास सलामी' हा हुकूम नेहमीसारखाच पार स्टँडपर्यंत गेला. झेंडा फडकला, राष्ट्रगीत झालं, मुलांना खाऊ वाटला आणि पाहुण्यांसाठी जिलेबीच्या प्लेटा आल्या. शुगर असलेला हा माणूस सव्वीस जानेवारीची जिलेबी कधी सोडत नसे. 'ही राष्ट्रीय हाय' म्हणायचे.

हेडमास्तरांनी प्लेट पुढं केली. सर म्हणाले, "नको."

काकू दोन खुर्च्या पलीकडं बसल्या होत्या. त्यांनी मान वळवली. तेवढ्यात एक मुलगा सरांच्या अगदी समोरून गेला, शर्ट पूर्ण बाहेर, एक बटण तुटलेलं. सरांनी त्याच्याकडं पाहिलं आणि काहीच बोलले नाहीत.

काकू उठल्या. "तुमाला काहीतरी व्हायलंय."

"मला काय बी होत न्हाई. जरा गरम व्हायलंय." जानेवारीची सकाळ होती. आम्ही सगळे स्वेटरात. सरांच्या कानामागून घाम गळत होता.

"गाडीत बसा. बीडला जायचं."

"आगं, कार्यक्रम चालू हाय. बसू दे."

"उठा म्हनते."

"न्हाई दुखत मला! किती वेळा…"

तेव्हा काकूंनी पदर खोचला आणि छाती भरून श्वास घेतला.

"सावधाऽऽन!"

असा आवाज त्या देहात होता हे कोणालाच माहीत नव्हतं. अख्खं मैदान खट्कन ताठ झालं. पोरं ताठ झाली, शिक्षक ताठ झाले, हेडमास्तर हातात जिलेबी धरून ताठ झाले. आणि खुर्चीतून उठून, टाचा जोडून, शिनगारे सरही ताठ उभे राहिले. जन्मभराची सवय, दुसरं काय करणार?

"पुढे चल!"

सर चालू लागले. काकू त्यांच्या शेजारून. हेडमास्तरांची गाडी फाटकाशीच होती. मी दार उघडलं. गाडी रस्त्याला लागल्यावर काकू पदरानं सरांचा घाम टिपत बसल्या, पण बीड येईपर्यंत त्यांनी डोळ्यांतून पाणी काढलं नाही.

इरफाननं इसीजी काढला आणि सरांना तडक आत नेलं. तो दुसरा अडथळा वाढला होता. वेळेत आले म्हणून औषधांवर आणि आणखी एका स्टेंटवर भागलं. संध्याकाळी तो बाहेर येऊन काकूंच्या शेजारी बाकावर बसला.

"काकू, कसं वळखलंत तुमी? यंत्राला कळायच्या आधी?"

काकू म्हणाल्या, "जिलबी नको म्हनले."

पुढं माझी बदली परळीकडं, धर्मापुरीला झाली. वडवणी सुटली. फोन व्हायचे. सरांच्या फोनमध्ये मागून काकूंचा आवाज यायचा, "सांगा त्यांना, घाम न्हाई आज."

गेल्या उन्हाळ्यात परळीहून बीडला चाललो होतो. एसटी खच्चून भरलेली, मी मागच्या बाजूला खिडकीशी. वडवणीच्या स्टँडवर गर्दी आत घुसली आणि त्या गर्दीत मला ते दोघं दिसले. तपासणीलाच चालले असावेत. मी हाक मारणार होतो, पण मधे दोन पोती आणि एक लग्नाचं वऱ्हाड. पुढं एका बाकावर कोणीतरी सरकून काकूंना जागा दिली. सर शेजारी दांडा धरून उभे राहिले. वाळले होते बरेच. पण पाठ ताठ होती.

गाडी सुटली. थोडं पुढं गेल्यावर काकूंनी हात वर करून सरांचं मनगट धरलं. मला वाटलं, नाडी बघताहेत. मी बघत राहिलो. गाव मागं पडलं, वाटेतले थांबे आले, माणसं चढली, उतरली. काकू खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांचं नाडीकडं लक्षच नव्हतं. हात नुसताच धरलेला होता.

सर मात्र लाजेनं लालबुंद झाले होते आणि मान ताठ ठेवून, डोळ्यांच्या कोपऱ्यांतून, एसटीत आपला कोणी ओळखीचा तर नाही ना, हे एकेका बाकावरून तपासत त्यांची नजर मागं मागं येत होती.

मी चटकन वर्तमानपत्र उघडलं आणि तोंडासमोर धरलं.